"वाघ झाला, आता डॉल्फिन" म्हणणाऱ्यांसाठी

पवनीचा मास्तर

काल रात्री धानवाल्या भाऊंनी गटात पेपरचं कात्रण टाकलं. सिंधुदुर्गाकडे खाडीच्या तोंडाशी डॉल्फिनची मोजणी सुरू आहे, बोटीत कॅमेरा घेऊन एक पोरगी उभी आहे. खाली भाऊंचं वाक्य: "वाघ झाला, आता डॉल्फिन. माणूस कवा मोजता? पोट्टे समुद्रावर फिरवाले पैसा हाय, धानाच्या बोनसले नाही." सकाळपर्यंत पन्नासेक जणांनी त्यावर दात काढले. मी दोनदा उत्तर लिहिलं, दोनदा खोडलं. आता लिहितोच.

फोटोतली पोरगी माझी कोणी नाही. पण माझी भाची दोन वर्षांपासून त्याच कामात आहे, म्हणून मला जास्त लागलं, हे आधीच कबूल. दिवाळीनंतर तिच्याकडे जाऊन आलो. पहाटे साडेपाचला किनाऱ्यावर हजर, कारण उन्हं वर आली की वारा सुटतो आणि लाटांच्या फेसात डॉल्फिनच्या पाठीवरचा पर ओळखू येत नाही. बोट तिथल्याच एका मासेमाराची, भाड्यानं घेतलेली. ठरलेल्या रेषेवरून, ठरलेल्या वेगानं जायचं आणि थोड्या थोड्या वेळानं वहीत नोंद करायची: वेळ, जागा, पाण्याची खोली, आसपास बोटी किती, जाळी किती. दिसला तर किती दिसले, सोबत पिल्लू होतं का. नाही दिसला तर शून्य. मी गेलो त्या दिवशी पहिले अडीच तास नुसते शून्य. तोवर मी दोनदा बोटीबाहेर वाकून रिकामा झालो होतो.

मग कर्ली नदीचं गढूळ पाणी समुद्राच्या हिरव्या पाण्याला जिथं लागतं, तिथून आवाज आला. कुकरची शिट्टी व्हायची राहून नुसती वाफ सुटावी तसा, फुस्स. दिसला त्यानंतर. आधी तोंड, मग बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा, त्यावर बसवल्यासारखा छोटा पर, आणि गडप. भाचीनं धडाधड फोटो काढले. बहुतेकांत नुसतं पाणी. जे साधले त्यात पराची कड पाहायची. एकाचा वरचा टवका उडालेला, दुसऱ्याची कड अळीनं कुरतडलेल्या धानाच्या पातीसारखी. पट्ट्यांवरून वाघ ओळखतात तसा हा टवक्यांवरून ओळखायचा. तोच पुन्हा पुन्हा दिसला म्हणजे इथलाच रहिवासी. नाही तर पाहुणा.

आता मुद्द्याचं. आपल्याला वाघाचा त्रास झाला तो मोजल्यामुळे झाला नाही, न विचारता नकाशावर रेषा ओढल्या म्हणून झाला. आणि न मोजल्यानं काय होतं तेही ऐका. चीनच्या यांगत्सी नदीत बैजी नावाचा डॉल्फिन होता. २००६ साली शास्त्रज्ञांनी सहा आठवडे बोटींनी नदी पालथी घातली. एकही सापडला नाही. दात काढणाऱ्यांनी एवढं वाचलं तरी पुरे.

लाखांदूरचा धानवाला

मास्तरजी, लय झकास लिहिलं. कुकर तं एक नंबर. आता माहं ऐका. मोजणी आधी येते, नोटीस मागून येते. आमच्या इकडं आधी झाडाईले कॅमेरे बांधले. आम्ही पोट्टे त्याच्यासमोर उभे राहून दात दाखवत होतो. मग बोर्ड लागला. मग जळतन आणाले गेलेल्या बाईची कुऱ्हाड जप्त. तुमची भाची चांगलीच असन, तिच्यावर मी बोट ठेवत नाही. पण तिची वही शेवटी कोणत्या टेबलावर जाते, हे तिले तरी ठावं हाय का?

अन शून्य लिहाचा पगार भेटते हे आजच समजलं. मी तं फुकटात लिहितो, सोसायटीच्या पासबुकात.

बंधाऱ्यावरचा

पासबुकवालं जबरी, भाऊ.

पुण्यातला वऱ्हाडी

उगाच भांडता राव. डॉल्फिन संपत कुठे आहेत? २०२५ मध्ये सरकारचाच आकडा आला, ६,३२७. मी स्वतः तारकर्लीला दोनदा जाऊन आलो, बोटवाल्यानं दहा मिनिटांत दाखवले. त्यात मोजायचं काय? पर्यटन वाढवा, मासेमार खूश, डॉल्फिन खूश. गोसेखुर्दच्या जलाशयात सोडता आले तर पाहा, भंडाऱ्याचं भलं होईल.

तारकर्लीची सून (माहेर साकोली)

पुणेकर भाऊ, ६,३२७ हा गंगा, ब्रह्मपुत्रा आणि बियास या नद्यांमधला आकडा. त्यातले बियासचे फक्त ३. गंगेतला तो सूंस, गोड्या पाण्यातला, डोळ्यांनी जवळपास आंधळा. आमच्या दारातला हंपबॅक, म्हणजे वशिंडवाला डॉल्फिन, खाऱ्या पाण्यातला, जात वेगळी. म्हशींच्या गणतीत तुम्ही गायी धरल्या. २०१३ पासून आपल्या देशात डॉल्फिन कोंडून त्याचे खेळ करायलाही बंदी आहे, अन तुम्ही त्याला धरणात सोडायला निघाले.

दहा मिनिटांत दाखवला म्हणजे पाच-सहा बोटींनी घेरून दाखवला. मी रोज पाहते. सोबत पिल्लू असलं की आई बुडी मारते ती पार लांब जाऊन निघते, अन इंजिनं पुन्हा तिच्या मागं. साधारण तीन वर्षांनी एक पिल्लू होते तिला. जगातल्या यादीत हा डॉल्फिन 'धोक्यात' म्हणून आहे. खोल समुद्रात जात नाही, किनाऱ्यालगत अन खाडीच्या तोंडाशीच वावरतो, म्हणजे जिथं आपली जाळी, आपल्या बोटी, आपली गटारं, तिथंच.

मास्तरजी, तुम्हीपण अर्धंच सांगितलं. इथं त्याला गादा म्हणतात. गादा म्हटलं की माझ्या सासऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. जाळ्यातले मासे खातो अन जाळंही फाडून जातो. कधी स्वतःच गुंततो. मासा नाही ना तो, श्वासाला वर यावं लागते, गुंतला की पाण्यातच गुदमरतो. वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो वाघाच्या रांगेत, पहिल्या अनुसूचीत. डिसेंबर २०१८ पासून योजना आहे, जाळं कापून असा जीव सोडला तर २५ हजारांपर्यंत भरपाई. फोटो लागतो. सासऱ्यांनी एकदा कासव सोडलं. पहाटेचा अंधार, एका हातात सुरी, दुसऱ्या हातात कासव, बोट हलते. दिराला शिव्या घालत प्लॅस्टिकच्या पिशवीतून मोबाइल काढायला लावला. पहिल्या फोटोत नुसता सासऱ्यांचा अंगठा आला. पैसे मिळाले, उशिरा मिळाले. पण गादा नुसता फाडून गेला तर काही नाही. कापाल तर पैसे, फाटलं तर तुमचं नशीब.

लाखांदूरचा धानवाला

थांबा थांबा. वाघाच्या रांगेत? हेच तं म्हणून राहिलो होतो मी कालपासून!

अन जाळ्याले २५ हजार? माही गोष्ट ऐका. कापणीले आठ दिवस बाकी होते. रातच्यानं डुकरं आली. खाल्लं कमी, लोळली जास्त. सकाळी बांधीत जाऊन पाहतो तं रोलर फिरवल्यासारखं. ऑनलाइन अर्ज केला, तं म्हणे फोटोत अक्षांश-रेखांश नाही. परत गेलो, परत काढला. पंचनाम्याले माणूस आला बाराव्या दिवशी. तवरोक मी उरलेलं कापून घेतलं होतं, आभाळ भरून होतं ना बाप्पा. तो म्हणते, नुकसान दिसत नाही. मंग डुकराइले सांगून ठेवतो, साहेब येतपर्यंत लोळूनच राहा. हाती आले २,८०० रुपये. गाडीचं पेट्रोल अन झेरॉक्स वजा करा अन तुमीच सांगा काय उरलं.

तुरीवाला, वरोरा

डुकराचं बरं म्हणा, लोळून तरी जाते. रोह्याचा, म्हणजे नीलगाईचा, कळप तुरीत घुसला की शेंडेच साफ. माळ्यावर रात्र रात्र जागून माहा बाप खोकल्यानं बेजार झाला. त्या खोकल्याचा पंचनामा कोण करते?

बंधाऱ्यावरचा

आमच्याकडं माकडं. माकडाले तं अर्जाचा नमुनाच नाही म्हणाला बाबू.

पुण्यातला वऱ्हाडी

झटका कुंपण लावा ना. अनुदान मिळतं.

लाखांदूरचा धानवाला

भेटते ना. पुण्यात भेटते. इथं यादीत नाव लागते तवा पोट्ट्याचं लग्न होऊन जाते.

पवनीचा मास्तर

मंडळी, विषय डॉल्फिनचा होता.

तुरीवाला, वरोरा

मास्तर, विषय भरपाईचाच हाय. डॉल्फिन निमित्त.

ढिवराचा पोर

सगळे भरपाई भरपाई करून राहिले म्हणून बोलतो. धानवाले भाऊ, तुमाले २,८०० भेटले, कारण तुमच्याकडे सातबारा हाय. पाण्याले सातबारा नसते. गोसेखुर्दचं भूमिपूजन १९८८ ले झालं, तवा मी जन्मलोही नव्हतो. ज्याची जमीन गेली त्याले मोबदला भेटला, कमी भेटला, भांडून भेटला, पण कागदावर त्याचं नाव तरी होतं. माह्या आज्याची नदी गेली. ते कोणत्या रकान्यात लिहाचं? धरण झाल्यावर पाणी लय झालं, मासोळी ठेक्याची झाली. वाहत्या पाण्यातल्या मासोळ्या गेल्या, रोहू-कतल्याचं बीज आलं. वरून नागपूरची नाग नदी कन्हानमधून आपल्याच जलाशयात येते, तिच्यासंगं काय काय येते ते सांगत नाही, जेवून घ्या तुमी.

आज्या डोंग्यात बसून ओंजळभर पाणी तोंडात घेऊन सांगे, आज कोणत्या नाल्याचं पाणी आलं, मासोळी कोणत्या काठाले असन. आता तो पाण्यात हातही घालत नाही, खाज सुटते.

म्हणून मले मास्तरच्या भाचीचं पटते. नदी नदी होती तवा कोणी वही घेऊन आज्याजवळ बसलं असतं, तं आज दाखवाले काहीतरी असतं. काय काय होतं ते फक्त त्याच्या डोक्यात हाय. अन तो आता नावं विसरून राहिला.

लाखांदूरचा धानवाला

नदीची आठवण चांगली हाय लेका. पण आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात रात्री करंट सोडून मासोळ्या कोण मारते, तेपण लिही ना वहीत.

ढिवराचा पोर

कोण म्हणजे? नाव घ्या. हिंमत असन तं नाव घ्या. आमच्या संस्थेनं तलावात बीज टाकलं होतं, कर्ज काढून. तुमच्याच लोकांनी उन्हाळी धानासाठी मोटारी लावून तलाव उपसला. चिखलात तडफडल्या मासोळ्या. अन पोत्यानं भरून कोणी नेल्या, हे मी डोळ्यानं पाहिलं हाय.

लाखांदूरचा धानवाला

तलाव सिंचनाचा हाय, तुमच्या बापाचा नाही.

ढिवराचा पोर

तुमच्याही बापाचा नाही. मालगुजाराचा होता. खोदला कोणाच्या आज्यानं ते विचारा एकदा.

गटप्रमुख

दोघांनीही रात्री अकरानंतर लिहू नका. बाप काढलेला दोन्हीकडचा मजकूर उडवणार होतो, पण खालच्या उत्तरांचा अर्थ लागणार नाही म्हणून ठेवला. पुन्हा झालं तर सरळ बाहेर.

चिमूरची

दोन दिवसांपासून वाचून राहिली. डुक्कर झालं, माकड झालं, जाळं झालं.

माझ्या जावेचा भाऊ मोहफुलं वेचाले गेला. सकाळी सहाची वेळ. टोपली सापडली, अर्धी भरलेली, फुलं तशीच ताजी. तो नंतर सापडला. २५ लाखाची भरपाई मंजूर झाली, काही हातात, काही बँकेत अडकवून. आता गावातल्या बाया म्हणतात, तिचं बरं झालं, लखपती झाली. मोहाच्या दिवसात ती दाराकडे पाठ करून बसते, वास येते म्हणते.

मास्तरजी, राग नका मानू. तुमच्या भाचीचा डॉल्फिन कोणाले खात नाही. तोंडही हसरं दिसते फोटोत. म्हणून तुमाले त्याच्या शिट्टीचं कौतुक. बांधावर उभं राहून वाघाचा आवाज ऐकला असता, तर एवढं लिहिलं असतं का?

पवनीचा मास्तर

नसतं लिहिलं.

ताई, मी पवनीच्या पेठेत राहतो. जंगल बसमधून पाहतो. "मोजल्यामुळे त्रास झाला नाही" हे माझं वाक्य अर्धं मागे घेतो. अर्धंच. वही कोणाच्या टेबलावर जाते हा धानवाल्यांचा प्रश्न मी परवा हसण्यावारी नेला, काल भाचीला तोच विचारला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, ज्यांच्या बोटीत बसून लिहिते त्यांना तरी वाचून दाखवते. पुढचं माझ्या हातात नाही."

तारकर्लीची सून (माहेर साकोली)

त्यांना वाचून दाखवणं हेही कमी नाही मास्तरजी. इथं मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं १९८७ ला, २९ चौरस किलोमीटरचं. मासेमारांचा विरोध होता तो आजही गेलेला नाही. त्यामुळे कॅमेरा घेऊन कोणी बोट भाड्यानं मागायला आलं की सासऱ्यांचा पहिला प्रश्न, "अभयारण्यवाले काय तुम्ही?" नाही म्हटल्यावर चहा. ताडोब्याचं नावही न ऐकलेला माणूस, पण धानवाल्या भाऊंच्या बाजूला बसवला तर दोघांची गट्टी जमेल.

फक्त सासऱ्यांचा राग गाद्यावर कमी अन बाहेरून येणाऱ्या मोठ्या ट्रॉलरवर जास्त. रात्री एलईडीचे दिवे लावून मासा ओढतात. बंदी आहे, तरी समुद्रात गाव वसल्यासारखा उजेड दिसतो. गाद्यानं चार बांगडे खाल्ले तर दिसते, ट्रॉलरनं समुद्र खाल्ला तर म्हणे प्रगती.

अन दुसरी गोष्ट वाळू. आपल्याकडची रेती. खाडीतून उपसून नेतात. तळ खरवडला की मासोळी आपली जागा बदलते, मग गादा तरी तिथं कशाला येईल? मास्तरजी, भाचीच्या वहीत याची नोंद असते का, तेवढं विचारून सांगा.

लाखांदूरचा धानवाला

रेती समुद्रातही सोडली नाही का यायनं?

पवनीचा मास्तर

विचारलं. तिनं तक्त्याचा फोटोच पाठवला, इथं टाकतो. नववा रकाना पाहा: "वाळूच्या होड्या". परवाच्या ओळीत ४ लिहिलंय. त्याच ओळीत डॉल्फिनच्या रकान्यात शून्य. यावरून लगेच काही सिद्ध होत नाही, असं तिनं मला तीनदा बजावलं, मी तुम्हाला एकदा बजावतो.

लाखांदूरचा धानवाला

हे आधी सांगाचं होतं ना मास्तरजी! तीन दिवस फुकट भांडलो. रेती मोजते म्हणजे पोरगी कामाची हाय. एक महिना आमच्या वैनगंगेच्या घाटावर पाठवा, रातच्यानं टिप्पर मोजाले. चहा-नाश्ता माह्याकडे. फक्त तिचा विमा काढून पाठवा.

बोनसचं माहं म्हणणं तिथंच हाय, ते सोडलं नाही.

पुण्यातला वऱ्हाडी

म्हणजे पर्यटनाचा मुद्दा कोणी घेतच नाही. शक्तिपीठ महामार्ग झाला की वर्ध्याहून गाडी थेट सिंधुदुर्गात. आपली सगळी माणसं डॉल्फिन पाहायला जातील.

तुरीवाला, वरोरा

जातीन ना. जमीन महामार्गात गेल्यावर दुसरं काम काय राहते.

चिमूरची

मास्तरजी, भाचीले सांगा, जपून राहा म्हणा पाण्यात. बाकी मी बोलली ते बोलली.

ढिवराचा पोर

मास्तरजी, तक्त्याचा फोटो पुसट आला, रकाने वाचता येत नाही. कोरा असन तं एक पाठवा. आज्याले दुपारी तोंडात घास गेल्यावर आठवते, तवा नावं लिहून घेतो. मग आमच्या तलावावर मरळपासून सुरू करतो.

लाखांदूरचा धानवाला

मरळ मोजून झाली की एक किलोभराची इकडं पाठवजो.

ढिवराचा पोर

पैसे आधी. अन मोटार बंद.

लाखांदूरचा धानवाला

पैशाचं पाहू.